थोरली टाकी, धाकटी टाकी

आमच्या पिकअपला डिझेलच्या दोन टाक्या आहेत. एक कारखान्यातूनच आलेली, दुसरी माझ्या सासऱ्यांनी मागाहून बसवून घेतलेली. ते डाळिंबं भरून लांबलांबच्या बाजारांत जायचे, तेव्हा रस्त्यावरच्या पंपांवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. कोण डिझेलमध्ये काय मिसळेल सांगता येत नाही, म्हणून सोलापुरातूनच दोन्ही टाक्या काठोकाठ भरून निघायचं, ही त्यांची रीत. आता डाळिंबं गेली, लांबचे रस्ते गेले. गाडी माझ्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचे बॉक्स घेऊन बार्शीपर्यंत जाते आणि परत येते. तेवढ्याला एक टाकी रगड झाली. तरी टाक्या दोनच. एकीला ते थोरली म्हणतात, मागाहून आलेलीला धाकटी. घरात सून मी एकटीच, तेव्हा दोन सुनांची हौस त्यांनी गाडीवर भागवली असावी.

दोन टाक्यांच्या मधे एक व्हॉल्व्ह आहे आणि त्याला हुकूम सोडणारा एक स्विच डॅशबोर्डवर. स्विच वर असला की इंजिन थोरलीतलं डिझेल ओढतं, खाली दाबला की धाकटीतलं. डिझेलचा काटाही त्याच स्विचवर चालतो. ज्या टाकीवर गाडी, तिचा काटा. मामा, म्हणजे माझे सासरे, गावातल्या गावात थोरलीवर फिरतात. बार्शीच्या रस्त्याला थोरली तळाला आली की स्विच दाबतात, काटा वर चढलेला बघतात आणि हलकेच "आयतु" म्हणतात. आयतु म्हणजे कानडीत झालं. आमच्या घरात मराठी आणि कानडी, दोन्ही चालतात, पण गाडीशी मामा कानडीतच बोलतात.

गाडी पहिल्यांदा रस्त्यात बंद पडली ती वैरागच्या पुढे. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. थोरली कोरडी ठणठणीत, धाकटी भरलेली. डिझेलचं इंजिन एकदा कोरडं पडलं की नळ्यांत हवा शिरते, आणि ती हवा बॉनेटखालचा छोटा हातपंप दाबून दाबून काढावी लागते, त्याशिवाय गाडी पुन्हा सुरू होत नाही. मामांनी स्विच चारदा खालीवर केला, हवा काढली आणि घरी आले. आल्यावर सांगितलं की स्विच वेळेवर दाबला होता, तरी गाडी बंद पडली.

माझा नवरा चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात मशिनांची देखभाल करतो. त्याने अंगणात गाडी सुरू केली, स्विच दाबला, व्हॉल्व्हचा टक्क आवाज आला. वर केला, पुन्हा टक्क. दहा वेळा केलं, दहाही वेळा आवाज आला. तो हात पुसत घरात आला आणि म्हणाला, "अप्पा, गाडी ठीक आहे."

हे वाक्य ऐकायला साधं आहे. पण गाडी ठीक आहे म्हटल्यावर मग ठीक कोण नाही, ते न सांगताच सांगितलं गेलं. मामांनी ते बरोबर ऐकलं.

त्यानंतर तसं पुन्हा झालं, आणि पुन्हा. गॅरेजवाल्याने आधी फिल्टर बदलला. मग धाकटी टाकी उतरवून धुतली, तळातला गाळ काढला आणि आता बघा कशी पळते ते, असं छातीवर हात ठेवून सांगितलं. हा गॅरेजवाला अक्कलकोट रोडचा, मामांचा जुना माणूस, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. गाडी त्याच्या दारात गेली की शहाण्यासारखी वागायची. तो स्विच दाबायचा, टक्क. रस्त्याला मामांच्या हातात आली की तिचं बिनसायचं. आजारी पोर डॉक्टरच्या दारात गेलं की खेळायला लागतं, तसा प्रकार.

नवऱ्याने निकाल देऊन टाकला की अप्पा विसरतात. स्विच दाबायचा राहतो, गाडी बंद पडल्यावर लक्षात येतं, मग दाबतात आणि आधीच दाबला होता असं त्यांना वाटतं. खोटं बोलतात असं तो म्हणाला नाही. तसं म्हणाला असता तर मामांना बरं वाटलं असतं. खोटं बोलणारा माणूस निदान शुद्धीवर असतो.

मग घरात परीक्षा सुरू झाल्या. जेवता जेवता नवरा सहज विचारल्यासारखं विचारायचा की अप्पा, काल दुपारी भाजी कुठली होती. मामा म्हणाले, वांग्याची. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, बघ म्हणून, कारण त्याच्या मते बटाट्याची होती. होती शेपूची. मी केलेली भाजी दोघांनाही आठवत नाही, हे मी तिथल्या तिथे ऐकवलं. पण त्यामुळे निकाल काही फिरला नाही.

आमच्या कुंभारी गावातच, घरापासून जवळ राहणारा एक ड्रायव्हर त्याने बघून ठेवला. चांगला माणूस, निर्व्यसनी. पुढच्या महिन्यापासून गाडी तो चालवील, अप्पांनी आराम करावा, असं ठरत आलं होतं. आराम हा शब्द नवरा फार मायेने वापरायचा आणि मामांना तो शिवीसारखा लागायचा. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. मित्र म्हणावेत तर ते सगळे रस्त्यावरचे, धाब्यावरचे, बार्शीच्या दुकानांमधले, आणि त्यांच्यापर्यंत जायचं तर गाडीनेच. घरात मामा पाहुण्यासारखे वावरतात, कुठली वस्तू कुठे असते ते त्यांना ठाऊक नसतं. किल्ली काढून घेतल्यावर त्यांनी दिवसभर करायचं काय, हा प्रश्नच नवऱ्याने स्वतःला विचारला नव्हता.

एका दुपारी मी भाकऱ्या मोजून बॉक्समध्ये भरत होते. मामा दारात येऊन उभे राहिले. मला ते यव्वा म्हणतात, कानडीत पोरी म्हणावं तसं. म्हणाले, "यव्वा, उद्या संगं चल. मी दाबतो का न्हाय, तू बघ."

मी त्यांना म्हटलं की माझा तुमच्यावर विश्वास आहे, मला बघायची गरज नाही.

"माझा न्हाय की," ते म्हणाले. "मला वाटतंय मी दाबतो. पर विसरणाऱ्याला बी तसंच वाटत असंल."

मला फार वाईट वाटलं. आजवर या माणसाने मला पाणीसुद्धा हुकूम सोडल्यासारखं मागितलं होतं, आणि आज तो माझ्याकडे स्वतःची साक्ष मागत होता. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या सीटवर बसले. आम्ही लिंगायत. मामा पूजा आटोपून कपाळावर भस्माचे पट्टे ओढतात आणि तीच भस्माची बोटं घेऊन गाडीत येतात. स्टिअरिंगला बोट, गिअरच्या गोट्याला बोट, आणि शेवटी टाकीच्या स्विचला. स्विचला का, तर कधीकाळी कर्नाटकात कुठेतरी आडबाजूला थोरली संपली होती आणि धाकटीने घरी आणलं होतं, म्हणून. हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. त्या दिवशीही त्यांनी तसंच केलं आणि गाडी काढली.

बार्शी रस्त्याला लागल्यावर मी स्विचवरची नजर काढली नाही. थोरलीचा काटा खाली आला, मामांनी डाव्या हाताचं बोट स्विचवर ठेवलं आणि दाबला. देवाच्या मूर्तीला फूल वाहावं तितक्या हलक्या हाताने. काटा वर चढला. "आयतु," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आम्ही दोघं परीक्षेचा पेपर चांगला गेल्यासारखे पुढे निघालो. वैराग मागे पडलं आणि थोड्या अंतरावर गाडी खोकली आणि बंद पडली. काटा अजून वर होता, स्विच खाली होता.

मामा हसले. गाडी बंद पडल्यावर हसणारा ड्रायव्हर मी दुसरा बघितलेला नाही. स्विच पुन्हा खालीवर करताना आणि बॉनेट उघडून हवा काढतानाही ते हसत होते.

मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. तो कामावर होता. तू नक्की बघितलंस का, असं त्याने दोनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारणार होता, तेव्हा मी सांगितलं की मला डोळे आहेत आणि काल कुठली भाजी केली होती तेही आठवतंय. फोन ठेवताना तो म्हणाला, उद्या गॅरेजला लावा, मी सांगतो त्याला व्हॉल्व्ह बघायला.

गॅरेजला मीही गेले. गॅरेजवाल्याने माझी साक्ष ऐकली, पण मनावर घेतली नाही. व्हॉल्व्ह आतून चिकटत असणार, असं आता त्याने ठरवलं. गाडीखाली झोपून त्याने बॅटरीवरून सरळ एक वायर ओढली आणि व्हॉल्व्हला लावली. टक्क. काढली, लावली, टक्क. कितीही वेळा केलं तरी व्हॉल्व्ह चुकेना. त्याचा उत्साह जरा उतरला. मग वायरिंग धरलं. व्हॉल्व्हकडे येणाऱ्या वायरीला त्याने तपासायचा छोटा बल्ब जोडला आणि खालूनच मला ओरडून सांगितलं, "वहिनी, मी बोलतो तवा स्विच दाबा."

मी आदल्या दिवशी मामांना बघितलं होतं, तसाच दाबला. नकळत, त्यांच्यासारख्याच हलक्या हाताने. खालून आवाज आला की दाबा ना वहिनी. मी म्हटलं, दाबला आहे. काटा वर आलाय. तो म्हणाला बल्ब लागला नाही, जरा जोर लावा. मी अंगठ्याने करकचून दाबला. बल्ब लागला.

मग आम्ही तेच परत केलं. हळू दाबला की काटा चढतो पण बल्ब लागत नाही. जोरात दाबला की दोन्ही. गॅरेजवाला गाडीखालून बाहेर आला आणि त्याने स्विच उपसून काढला. या स्विचच्या पोटात दोन जोड असतात, त्याने दाखवलं. एक काट्याचा, एक व्हॉल्व्हचा. काट्याचा जोड जरा टेकला तरी लागत होता, व्हॉल्व्हच्या जोडात काहीतरी अडकलं होतं. म्हणून काटा सांगायचा धाकटी आणि इंजिन मुकाट्याने थोरलीच पीत बसायचं. माझा नवरा जोरात दाबणारा, गॅरेजवाला त्याहून जोरात दाबणारा. त्यांना तो स्विच कधी चुकताना दिसणार नव्हता. जो माणूस त्याला नमस्कार केल्यासारखा दाबायचा, त्यालाच तो दगा देत होता.

गॅरेजवाल्याने वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर स्विच उघडून आपटला. आतून राखाडी-पांढरी भुकटी पडली. चांगली चिमूटभर, दाबून बसलेली. तो बोटाने चोळून बघत म्हणाला, "अप्पा, सिमेंटच्या गोदामात गाडी लावता का काय?"

मी मामांकडे बघितलं, मामांनी माझ्याकडे. वर्षानुवर्षं रोज सकाळी एकेक बोट. गॅरेजवाला वर्तमानपत्र उचलून झटकायला निघाला, तेव्हा मामा पटकन पुढे झाले आणि त्यांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. भस्म पायदळी जाता कामा नये. ऑइलने काळ्या झालेल्या त्या जमिनीवर तर नाहीच. त्यांनी कागदाची नीट पुडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. गॅरेजवाल्याला काही कळलं नाही, आणि मी सांगितलंही नाही.

नवऱ्याला मात्र सांगितलं. तो आधी हसला, मग अप्पांना म्हणाला की नव्या स्विचला तेवढं भस्म लावू नका. माफी वगैरे मागणं आमच्या घरात कुणालाच येत नाही. त्या रात्री जेवताना त्याने आपल्या ताटातली खव्याची पोळी मामांना वाढली, तीच माफी. ड्रायव्हरला त्याने निरोप पाठवला की सध्या गरज नाही.

त्यानंतरचे दिवस मामांचे होते. वैरागच्या चहावाल्यापासून बार्शीच्या दुकानदारांपर्यंत सगळ्यांना त्यांनी ही गोष्ट ऐकवली. त्यात भस्माचा भाग नसायचा, स्विच खराब निघाला एवढंच असायचं. "डोकं माझं शाबूत हाय, स्विच गेल्ता," असं ते सांगायचे आणि समोरचा हसला की स्वतःही हसायचे. मीही सांगत सुटले होते. गिऱ्हाईक चटणी घ्यायला आलं तरी मी त्याला दोन जोडांचं गणित समजावून द्यायची. खरं सांगायचं तर हा खटला मी जिंकून दिला, असा तोरा मलाही चढला होता.

मी बार्शीला त्यांच्याबरोबर अधूनमधून जात राहिले. आता राखणीसाठी नाही, दुकानदारांशी बोलायला. अशाच एका दिवशी वैराग येईपर्यंत माझा फोन चालू होता. बार्शीचा दुकानदार बाजरीच्या भाकऱ्या जास्त मागत होता आणि मी त्याला ज्वारीच्या घ्यायला लावत होते. फोन संपला, मी तो पर्समध्ये टाकला, आणि गाडी खोकली.

खोकण्याचा आवाज मला आता ओळखीचा होता. मी आधी डॅशबोर्ड बघितला. काटा तळाशी पडला होता. स्विच वर होता, थोरलीवर. तो कुणीही दाबलेला नव्हता.

मामाही तिकडेच बघत होते. गाडी आपल्या वेगाने थोडी पुढे गेली, त्यांनी ती रस्त्याच्या कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला. हे सगळं त्यांनी अगदी नीट केलं. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मागून येणारी एसटी हॉर्न देत निघून गेली.

मग त्यांनी स्विच दाबला. काटा चढला. ते उतरले, बॉनेट उघडून हवा काढली, परत येऊन किल्ली फिरवली, गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. नव्या स्विचमध्ये काहीच दोष नव्हता, ते आम्हा दोघांनाही कळलं.

मी म्हटलं, "मामा, नवीन वस्तू काय बिघडत नाही का? घरी सांगू, स्विच परत गेला."

त्यांनी मान हलवली. "नको यव्वा. गाडीवर आळ नको. खोटा आळ आला की कसं हुतंय, मला ठाव हाय की."

मग गिअर टाकला आणि आम्ही बार्शीला गेलो. माल उतरवला. परतीच्या रस्त्याला त्यांनी गाडी इतकी सरळ चालवली की मागचे रिकामे बॉक्ससुद्धा हलले नाहीत. एवढ्या चांगल्या ड्रायव्हरच्या शेजारी मी आयुष्यात कधी बसलेले नाही. मला सारखं वाटत होतं की रस्ता संपू नये.

नवरा कामावरून आला तेव्हा मामा ओट्यावर बसले होते. त्यांनी त्याला जवळ बोलावलं, किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. फोनवर मी बोलत होते, माझंही लक्ष नव्हतं, असं मी मधे म्हणून बघितलं, पण मामांनी हातानेच मला गप्प केलं.

नवऱ्याचा चेहरा उतरला. इतके दिवस जे सिद्ध करायला तो धडपडत होता, ते आता त्याला नको होतं. एकदा विसरलं तर काय झालं, तो म्हणाला. मी पण विसरतो. परवा कारखान्यात एक मशीन बंद करायचं माझ्याकडून राहिलं. मी दोन टाक्यांची एकच करून घेतो, मग विसरायचा प्रश्नच नाही. तुम्ही चालवा.

मामांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तवा तू सांगत हुतास, म्हणून मी भांडलो. आता मी सांगतोय. तू भांडू नगो."

नवरा भांडला नाही. किल्ली हातात धरून तो तसाच उभा राहिला. मामांनी त्याला थोरलीत किती डिझेल आहे आणि धाकटीत किती आहे ते सांगितलं, आणि हातपाय धुवायला मागच्या दारी गेले.